कवडी कोंबडी आणि बिनगाडीवानाची गाडी

जनावरं बोलायची नि झाडं हुंकार द्यायची, त्या काळातली गोष्ट. रानात एक गाडी आली. तिला ना बैल, ना गाडीवान. आपली आपण चालायची, पण तिच्यात कुणी बसेना. कावळा तर म्हणायचा, "बिनगाडीवानाची गाडी, नेईल थेट दरीत!"

एकदा नदी फुगली. पाणी कवडी कोंबडीच्या खुराड्याला लागलं. पाटीत नऊ अंडी, आज-उद्या फुटायची. टेकडीवर न्यायला ती गाडीच तेवढी होती. कवडीने पाटी गाडीत ढकलली आणि जीव मुठीत धरून अंड्यांवर बसली.

गाडी निघाली नि एकदम वळली. "थांब गं बये!" कवडी किंचाळली. गाडी जागच्या जागी थांबली.

"मावशी, खड्डा होता, म्हणून बाजूने घेतलं," गाडी म्हणाली.

"मग सांगायला तोंड नाही? गाडीवान बैलांवर ओरडतो, तेव्हा मागे बसलेल्यालाही कळतं, वळण आलं. तू मुकाट वळतेस, इथे काळजाचं पाणी होतं!"

गाडीला पटलं. मग ती सांगत सांगत चालली, "डावीकडे वळते हं. आता चढ आहे, पाटी सांभाळा." मध्येच धुकं उतरलं. गाडी म्हणाली, "मावशी, पुढचं दिसत नाही मला. दिसेपर्यंत थांबते."

कवडी बघतच राहिली. दिसत नाही असं कबूल करणारा गाडीवान तिला जन्मात भेटला नव्हता.

धुकं सरलं, गाडी टेकडीवर पोचली. कावळा टपलेलाच होता. "काय गं कवडे, किती वेळा ओरडलीस?"

"हळू बोल रे," गाडी म्हणाली, "मावशी झोपल्यात."