भट्टीच्या पोटातली पुण्याई

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हा मांजरं बोलायची आणि नव्या सुना बोलायच्या नाहीत.

एका गावात रोट भाजणाऱ्यांचं एक घर होतं. परसात घुमटासारखी मोठी भट्टी. देवीच्या जत्रेला गूळ-तुपात मळलेल्या कणकेचा परातीएवढा, जाडजूड रोट लागायचा आणि तो याच भट्टीत भाजायचा, हा त्या घराचा मान. भट्टीच्या पोटात काळ्या चिकट काजळीचा थर होता. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. घरात म्हणत, "ती पणजीबाईंची पुण्याई. रोटाची चव तिच्यातच आहे." उलट, नवी सून घरात आली, की पहिल्याच दिवशी तिच्या हातून भट्टीच्या आतल्या भिंतीला मूठभर तूप-गूळ फासून घ्यायचे.

नव्या सुनेनेही फासलं. हात मागे घेताना बांगड्या भिंतीला चिकटल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. पण ती काही बोलली नाही.

खरं सांगायचं तर त्या पुण्याईचं अलीकडे काही खरं नव्हतं. भट्टी पेटवली, की सगळा धूर तोंडातून बाहेर. लाकडं ढिगाने लागत. रोट वरून कोळसा आणि आतून कच्चा. गेल्या जत्रेत पाटलांनी रोट कापला, तर सुरीला कणीकच चिकटून आली. तेव्हा ही सून घरात आलीसुद्धा नव्हती. पण तिचं लग्न ठरलेलं होतं. दोष द्यायला तेवढं पुरलं.

यंदा जत्रा तोंडावर आली, तेव्हा पाटील ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "या खेपेला रोट कच्चा निघाला, तर मान वरच्या आळीला जाईल बघा."

ते गेल्यावर सासूबाई सुनेकडे वळल्या. "ऐकलंस ना? यंदा रोट बिघडला, तर तू आपली माहेरी जा. भट्टीचा रुसवा निघेपर्यंत येऊ नकोस."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "बघू." आणि तो लाकडं तोडायला रानात निघून गेला.

दुपारी सून परसात एकटीच बसली होती. डोळे भरलेले, पण उघडे. घरातली म्हातारी मांजरी थंड भट्टीत पाय ताणून झोपायला आली. डोकं गेलं, पोट गेलं, तोच नाक मागच्या काजळीला टेकलं आणि मागचे पाय बाहेरच राहिले.

सूपभर गहू घेऊन जाणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "किती माजलीस गं! भट्टीत मावेनाशी झालीस!"

सासूबाई आत जाईपर्यंत मांजरी गप्प राहिली. मग उलटी सरकत बाहेर आली आणि फणकारली, "मी माजले? माझ्या बरगड्या मोज! लहानपणी आम्ही सगळी भावंडं इथे आईच्या कुशीत झोपायचो, तरी आई ऐसपैस पाय पसरायची. मी आहे तेवढीच आहे, बाई. तुमची भट्टीच आत आत येत चाललीय."

सून ताडकन उठली. कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि भट्टीच्या भिंतीत खुपसलं. वाटलं, आता वीट लागेल. कुठली वीट! अख्खं पातं काजळीत बुडालं. ती तशीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, भट्टी रुसलेली नाही. ती बुजलीय."

सासूबाईंच्या हातातलं सूप कललं. सून बोलली होती!

"खुरपं ठेव आधी! पणज्यांची पुण्याई खरवडतेस? चव जाईल, मान जाईल!"

"मान तसाही चाललाय, आणि त्याच्याबरोबर मीही चाललेय," सून म्हणाली. "आत्याबाई, एक विचारू? तुम्ही या घरात आलात, तेव्हा रोट चांगला भाजायचा?"

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्या वर्षी कडा कच्च्या राहिल्या होत्या. मला पांढऱ्या पायाची म्हणाले सगळे."

"मग तुमचे पाय पांढरे होते का?"

सासूबाईंनी खरोखरच आपल्या पायांकडे पाहिलं. मग सुनेच्या पायांकडे. आणि एकदम पदर खोचला. "माझं काळ्या मुठीचं खुरपं कुठेय गं?"

दोघींनी भट्टीतलीच राख काढली, पाण्यात कालवली, त्याचा जाड लेप आतल्या भिंतींना थापला आणि भट्टीच्या तोंडाला ओलं गोणपाट लावलं. रात्रभर राखेने काजळीतलं चिकट तूप चांगलंच पातळ केलं. सकाळी गोणपाट काढलं, तर भिंतींवरून काळं पाणी ओघळत होतं.

मग काय विचारता! खर्र खर्र खुरपी चालली. काजळीची ढेकळं धपाधप पडायला लागली. मामंजी धावत आले, ओरडायला तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी त्यांच्या हातात घमेलं दिलं. "ओरडा नंतर. आधी हे उकिरड्यावर टाकून या."

कुंपणावरून शेजारीण म्हणाली, "अगं बाई, घमेल्याघमेल्याने लक्ष्मी चाललीय घरातली!"

"हो ना, फार जड झाली होती," सासूबाई म्हणाल्या.

आता सून पुरती आत शिरली होती. बाहेर फक्त तळपाय, तेही काळे. आत काळोख, नाकात काजळी, अंगाला घाम. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला एक गाठ काही केल्या सुटेना. तिने दोन्ही हातांनी खुरपं हाणलं. फाटकन ढेकूळ सुटलं आणि उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर पडली!

"आत्याबाई! भोक आहे! भट्टीला धुराडं आहे!"

सासूबाई गुडघ्यांवर बसून आत वाकल्या. काळ्या तोंडाची सून, लख्ख तांबूस विटा आणि मधोमध ऊन. "अगो बाई! आम्ही तिचा श्वासच कोंडला होता की गं," एवढंच त्या म्हणाल्या.

"पेटवा आता!" मामंजी उतावीळ झाले.

"नको, मामंजी. विटा ओल्या आहेत, एकदम जाळ केला तर तडकतील. आज नुसता गोवऱ्यांचा शेक द्यायचा." आणि घरात पहिल्यांदाच सुनेच्या शब्दाला कोणी हरकत घेतली नाही.

जत्रेच्या सकाळी भट्टी पेटली. धूर सरळ आभाळात गेला, जाळ घुमायला लागला. लाकडं निम्मी लागली. तरी रोट पाटलांसमोर ठेवला, तेव्हा सुनेने सासूबाईंचा हात घट्ट धरला. का सासूबाईंनी तिचा, ते सांगता येत नाही. पाटलांनी सुरी घातली. सुरी बाहेर आली, स्वच्छ! आतून रोट मधासारखा पिवळा, जाळीदार. पाटलांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इतकी वर्षं काजळीच खात होतो म्हणायचं. गव्हाची चव आज कळली."

मान घरातच राहिला आणि सूनही.

पुढे एकदा तीच शेजारीण सासूबाईंच्या कानाशी लागली. "काय सांगू बाई, आमची सून आली आणि आमच्या विहिरीचं पाणीच गढूळ झालं!"

सासूबाईंनी विचारलं, "होय का? विहिरीतला गाळ कधी उपसला होता?"

तात्पर्य: घरात काही बिघडलं, तर नव्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी जुनी काजळी खरवडून पाहावी.