पन्हळीतलं नाव

त्या दिवशी सकाळी धुकं असं दाट पडलं होतं की मेंदीच्या कुंपणापलीकडचा शेजारी दिसत नव्हता, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता. पौषाचे दिवस. पत्र्यावरून थेंब टपकत होते आणि पडवीतली फळीसुद्धा हाताला ओलसर लागत होती.

"मग आता तरी घालू का नाव, चाचा?" केरबानं कुंपणाच्या अलीकडून विचारलं.

पलीकडचा खोकला थांबला.

"पाच गोळ्या कुठं गेल्या?"

"अजून झाडल्यात कुठं? धुकं हाय की."

"मग नावाची कसली घाई... धुक्यात कुणाला दिसणार हाय?"

केरबा सुतार म्हणजे काही साधा गडी नव्हता. त्यानं बसवलेल्या दाराच्या फटीत मुंगी शिरत नाही असं गावात लोक म्हणायचे, आणि लोक विसरले तर तो स्वतः म्हणायचा. चार वर्षांमागं त्याला शेजारच्या बाबालाल मिस्त्रींचं काम शिकायची हौस आली. बाबालालचाचा रायफलींचे दस्ते करत. दस्ता म्हणजे रायफलीचं सगळं लोखंड ज्या लाकडात बसतं ते लाकूड. त्यातही चाचांचा हात बाकावरच्या नेमबाजीच्या दस्त्यात. या खेळात रायफल खांद्यावर पेलत नाहीत. दगडी बाकावर वाळूच्या पिशव्या मांडायच्या, त्यांच्यावर रायफल टेकवायची आणि शंभर मीटरवरच्या कागदात पाच गोळ्या एकाच भोकातून घालायच्या. भोक जेवढं लहान, तेवढा नेमबाज मोठा.

चाचांची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या दस्त्यावरून पाच गोळ्या एका भोकात गेल्या, की त्यानं दस्त्यावर आपलं नाव कोरायचं. तेही बाहेर नाही. नळीखाली लाकडात जी लांब पन्हळ असते, तिच्या तळाशी. वर नळी बसली की नाव झाकलं. पण त्या दिवसापासून तो मिस्त्री. चाचांना आता डोळ्यांनी कमी दिसायचं, आणि नाव कोरलं गेलं की आपलं गिऱ्हाईक कुंपणापलीकडं केरबाकडं पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं.

केरबाचे तीन दस्ते नापास झाले होते. हा चौथा, अक्रोडाचा.

आणि खरं सांगायचं तर... केरबानं कालच दुपारी नाव कोरून टाकलं होतं. 'केरबा सुतार'. झोकदार अक्षरात, उकाराला शेपूट काढून. पाच गोळ्या काय, जाणारच आहेत, असं मनाशी म्हणून.

दहाच्या सुमाराला धुकं विरलं आणि राजाक्का इंगवले स्कूटरवरून आल्या. बाई हायस्कुलात गणित शिकवायच्या. रविवारी त्यांची मॅच होती. रायफल वडलांच्या वेळची. तिचा जुना दस्ता निमुळता, बाकावर डगमगायचा, म्हणून पुढं रुंद नि सपाट असा हा नवा करायला दिला होता.

जुना दस्ता केरबाच्या पडवीत पडला होता. राजाक्कांनी तो उचलून कुंपणापलीकडून आलेल्या चाचांच्या हातात दिला.

"बाबा म्हणायचे, हा तुमच्याच हातचा. खरं का हो, चाचा?"

चाचांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आसंल... चाळीस वर्षांत किती केले. आता लाकूड मला वळखत न्हाई, मी लाकडाला वळखत न्हाई. ऱ्हाऊ दे, बघू मागनं."

क्लबची रेंज गावामागच्या जुन्या दगडाच्या खाणीत होती. चाचा पोत्यावर बसले. राजाक्कांनी पिशव्या थोपटल्या, रायफल टेकवली आणि गालसुद्धा न लावता, नुसतं बोट ठेवून पहिली गोळी झाडली.

दुसरी त्याच भोकात. केरबानं मिशीवर हात फिरवला.

तिसरी केसभर वर गेली.

चौथी त्याच्याही वर.

पाचवी तर पार कागदाच्या कडेला जाऊन बसली.

"वारं सुटलंय," केरबा म्हणाला.

समोर लावलेली झेंडीची चिंधी सरळ खाली लोंबत होती.

"वाऱ्याला वर्गाबाहेर उभं करू का, केरबादादा?" राजाक्का म्हणाल्या.

"मग काडतुसं दमट आसतील. न्हाईतर पिशवीत वाळू कमी पडली. बाई, तुम्ही श्वास तर न्हाई सोडला?"

"तुमच्यापुढं श्वास सोडायची हिंमत आहे का माझी?"

चाचा हसले. खिशातून एसटीचं तिकीट काढून त्यांनी केरबापुढं धरलं.

"नळीखालनं घाल."

केरबानं तिकीट नळी आणि लाकडाच्या मधल्या फटीत घालायला घेतलं. ते काही जाईना. केरबाचा चेहरा उजळला.

"जायाचंच न्हाई, चाचा! मुंगी शिरायची न्हाई. हात कुणाचा हाय?"

"व्हय... हात तुझाच हाय." चाचांनी दुसऱ्या खिशातून काजळाची डबी काढली. चाचींनी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. "नळीला लाव. बसव. नि उचल."

केरबाचा हात जागच्या जागी थांबला. पन्हळीत काय आहे ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"कशाला, चाचा... बशीवलंय मी नीट."

"मग भ्यायचं कशाला?"

शेवटी केरबानं स्क्रू काढले, नळीच्या पोटाला काजळ चोळलं, ती लाकडात दाबली आणि उचलली.

सगळी पन्हळ काळीभोर झाली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि त्या काळ्यावर, पाटीवर खडूनं लिहावं तशी, उघड्या लाकडाची फिकट अक्षरं.

राजाक्का वाकल्या. वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं.

"के-र-बा... सु-ता-र." मग मान डोलावली. "अक्षर छान आहे. उकार जरा लांबलाय."

केरबानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चाचा रागावतील, डबी मिटतील, आणि गेली चार वर्षं... असं त्याच्या मनात आलं. पण चाचांचं पोट हलत होतं. ते हसत होते, आवाज न करता.

"लेका, एवढी लांब पन्हळ," डोळे पुसत ते म्हणाले, "नि नळी सगळीकडं लाकडाला चिकटून बसलीया. एक नावाची जागा तेवढी मोकळी सोडलीस बघ. ती बराबर जमली."

"पण चाचा, चिकटूनच बसाय नको का?"

"दाराचं कसं आसतंय?"

"चिकटून."

"दाराला गोळी झाडायची आसती का?"

केरबानं पन्हळीकडं पाहिलं. त्यानं नळीवर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. पाच गोळ्यांनी ती चांगलीच तापली होती. तापलं लोखंड फुगणार, आणि इथं त्याला फुगायला जागा कुठं होती? मुंगीपुरतीही नव्हती.

त्यानं पिशवीतून गोल पटाशी काढली. मग थांबला.

"चाचा... नाव ऱ्हाऊ दे का?"

"ऱ्हाऊ दे की. बाकीचं खरवड."

केरबा खरवडू लागला. नावाच्या वरचं काढलं, खालचं काढलं. मग अक्षरांच्या मधलं. आता गंमत अशी, की अक्षर म्हणजे लाकडातला खड्डा. आजूबाजूचं लाकूड काढायचं आणि खड्डा तेवढा ठेवायचा... वीस वर्षं सुतारकी केलेल्या केरबाला ते कसं करायचं हे काही कळेना. अक्षरं उथळ होत चालली. 'केरबा' गेला. मग 'तार' गेलं.

'सु' तेवढा राहिला, शेपटीसकट.

त्यानं नळी बसवून तिकीट घातलं. ते या टोकाकडून आत गेलं आणि सरकत त्या टोकाला आलं.

"झालं की!" केरबा म्हणाला. "सु राहिला तरी झालं, चाचा."

"तिकीट दुमड."

केरबानं दुमडलं. ते 'सु'भोवतीच्या न खरवडलेल्या लाकडापाशी येऊन अडलं.

 खाणीच्या कडेला पारवे घुमत होते. केरबानं पटाशीला धार लावली, थुंकी लावली, परत धार लावली. मग काचकागद काठीला गुंडाळला आणि डोळे बारीक करून हळूहळू घासू लागला. राजाक्कांनी थर्मासमधून चहा ओतला. चाचांनी आपला पिऊन केरबाचाही पिऊन टाकला. तोवर नळीही गार झाली.

दुमडलेलं तिकीट आता वाऱ्यावर सोडल्यासारखं नळीखालून निघून गेलं.

राजाक्का बाकाशी बसल्या.

एक. दोन. तीन...

चौथीला केरबानं डोळे मिटले.

पाच.

राजाक्का धावत जाऊन कागद घेऊन आल्या. कागद तोंडापुढं धरून त्यांनी मधल्या भोकातून केरबाकडं पाहिलं. भोक एकच होतं. चिंचोका अडकला असता एवढं.

"दिसताय, केरबादादा," त्या म्हणाल्या. "अगदी अख्खे दिसताय!"

केरबा हसला. मग चाचांच्या गुडघ्याला हात लावला.

"चाचा... आता?"

"आता घाल," चाचा म्हणाले. "रीत हाय ती. दोन दिस हाताशी हैत, रविवारच्या आत घाल."

राजाक्कांनी तो दस्ता त्याच्याकडं सोपवला आणि रायफलीचं लोखंड क्लबच्या कपाटात ठेवून त्या शाळेला गेल्या. चाचा आपल्या घरात गेले, केरबा आपल्या पडवीत आला. ऊन छान पडलं होतं. त्यानं दस्ता गुडघ्यांत धरला, कोरणी घेतली, टोक पन्हळीच्या तळाला लावलं.

आणि टोक तसंच राहिलं.

चाचा नेमके किती खोल कोरत असतील? आणि कुठल्या जागी?

शेजारी राजाक्कांच्या वडलांचा तो जुना दस्ता होताच. केरबानं तो उन्हाकडं करून पन्हळीत पाहिलं. धोतराच्या टोकानं पुसून पुन्हा पाहिलं. शेवटी बोट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. पन्हळ कशी, तर ताटलीसारखी गुळगुळीत. कुठं रेघ नाही, ओरखडा नाही.

"चाचा!" त्यानं कुंपणाकडं तोंड करून हाक मारली. "हा जुना दस्ता तुमचा न्हवं बरं का!"

पलीकडं कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज आला.

"कशावरनं?"

"ह्यात तुमचं नाव न्हाई!"

"नीट बघ की."

"बघितलं. बोट फिरवून बघितलं. काईच न्हाई, चाचा!"

दाणे टाकायचा हात थांबला. 

मग मेंदीच्या कुंपणापलीकडून शेजाऱ्याचा खुशीतला आवाज आला.

"मी कुठं नाव घालतोय? मग माझाच हाय त्यो."