तात्यांचा प्रतिस्पर्धी

“…मग दोष आहे तरी कुठे, चाचा?”

खतीबचाचांनी मान वर केली नाही. वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्यावरील त्या चिंचोळ्या दुकानात ते चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त करीत आले होते. रेडिओ आले नि गेले, टेपरेकॉर्डर आले नि गेले, आता संगणक आले होते. चाचांचे स्टूल मात्र तेच होते.

समोर सुमेधा परुळेकर उभी होती. तीन वर्षे याच दुकानात शिकून तिने कुडाळला स्वतःचे दुकान थाटले होते. तिच्या हाताखालून गेलेले यंत्र पुन्हा दुरुस्तीला येत नाही, असा तिचा लौकिक होता. आणि तो सर्वांत आधी तिलाच ठाऊक होता.

आज परत आले होते ते तिच्याच घरचे यंत्र.

“सगळं तपासलं,” ती म्हणाली. “मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, मेमरी चौपट. पंखा इतका शांत, की चालू आहे की बंद तेही कळत नाही. डबा तेवढा जुना ठेवला, तात्यांचा जीव आहे त्यावर म्हणून. आणि तात्या म्हणतात, बिघडलाय!”

“काय बिघडलंय म्हणतात?”

“ते कुठे सांगतायत! ‘याच्याशी खेळण्यात आता अर्थ नाही,’ एवढंच.”

तात्या म्हणजे सुमेधेचे वडील. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून गेली सोळा वर्षे ते रोज दुपारी या संगणकाशी बुद्धिबळाचा एक डाव मांडीत. सोळा वर्षांत ते अकरा वेळा जिंकले होते. त्या अकराही तारखा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहिलेल्या होत्या, आणि घरी येणाऱ्या पाहुण्याला चहाच्या आधी ते दार उघडून दाखवले जाई.

गेले पंधरा दिवस तात्या त्या खुर्चीत बसले नव्हते. दुपारभर ओसरीवर बसून ते रस्त्याकडे पाहत. जेवण अर्धे पानात राही. आज सकाळी तर त्यांनी सांगून टाकले होते, “उद्या भंगारवाला यायचा आहे. तो डबा देऊन टाक त्याला.”

एवढे सांगून सुमेधेने संगणक चाचांपुढे सरकवला.

“त्यांना समजावलंस?” चाचांनी विचारले.

“समजावलं की! म्हटलं, तात्या, हा आता क्षणात लाखो खेळ्या तपासतो.”

“मग?”

“मग ते उठून ओसरीवर गेले.”

चाचा हसले. त्यांनी डब्याचे झाकण उघडले, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि आत पाहत बसले. पाहत बसले… पाहतच बसले.

सुमेधा या पायावरून त्या पायावर झाली. “चाचा, त्यात पाहण्यासारखं काही नाही. मी—”

“जोडकाम सुरेख आहे गो, बाय.”

“आहेच!”

“तात्यांनी खेळी केली, की याचं उत्तर यायला वेळ किती लागतो?”

“वेळ?” सुमेधेचा चेहरा उजळला. तिच्या कर्तृत्वाचा प्रश्न अखेर विचारला गेला होता. “पापणी लवायच्या आत!”

“आणि आधी?”

“आधी काय, सात-आठ मिनिटं घ्यायचा. डिस्क कुरकुरतेय, पंखा घरघरतोय… रडतखडत चालायचा नुसता.”

“ती सात-आठ मिनिटं तात्या काय करायचे?”

दुपारी सुमेधा कुडाळला दुकानात असे. सोळा वर्षांतला एकही डाव तिने बसून पाहिला नव्हता.

“मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

त्या दुकानात हे तीन शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. चाचांनी ते ऐकले, आणि न ऐकल्यासारखे करून दोन चहा मागवले.

चाचा सावकाश फुंकर घालत चहा पिऊ लागले. सुमेधेने आपला चहा दोन घोटांत संपवला आणि त्यांच्या कपाकडे पाहत राहिली. तो संपता संपेना.

“कळलं मला!” अखेर ती म्हणाली. “हा फार चटकन उत्तर देतो, तेच तात्यांना डाचतंय. एवढंच ना? सोपं आहे. मी आत थांबा घालून देते. उत्तर मिळालं तरी आठ मिनिटं गप्प बसेल.”

“उत्तर ठाऊक असून गप्प बसेल?”

“हो.”

“म्हणजे विचार करण्याचं सोंग करेल.”

“तात्यांना कळणारसुद्धा नाही.”

“तुला कळेल.”

सुमेधेने रिकामा कप खाली ठेवला.

चाचा उठले. मागच्या फळीवर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले होते. या दुकानाचा एक नियम होता. यंत्रातून काढलेला भाग लगेच फेकायचा नाही. घरधनी स्वतः येऊन “बरं चाललंय” असे म्हणेपर्यंत त्याच्या नावाने तो जपून ठेवायचा. शिकत असताना सुमेधेने या नियमाची भरपूर थट्टा केली होती. महिन्यापूर्वी घरच्या संगणकाचा जुना मदरबोर्ड याच टेबलावर टाकून ती म्हणाली होती, “हा मात्र थेट भंगारात, चाचा. याच्यासाठी डबा अडवू नका.”

चाचांनी एक डबा खाली काढला. झाकणावर लिहिले होते: ‘तात्या. अजून आले नाहीत.’

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो बोर्ड होता, जुना प्रोसेसर, मेमरी नि पंखा यांसकट. त्यावरील सहा कपॅसिटर, करंगळीच्या पेरांएवढ्या त्या नळकांड्या, डोक्यावर टम्म फुगल्या होत्या. त्यांच्यामुळेच संगणक मध्येच बंद पडत असे.

“सहाच तर फुगले होते,” चाचा म्हणाले.

“सहा बदलत बसण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलणं शहाणपणाचं होतं,” सुमेधा म्हणाली. पण तिचा आवाज निम्मा झाला होता.

चाचांनी सोल्डरिंग गन तिच्यापुढे सरकवली. दुकानात नव्या आलेल्या उमेदवाराला पहिल्या आठवड्यात देतात ते हे काम. कुडाळच्या दुकानात सुमेधेने त्यासाठी माणूस ठेवला होता.

तिने खुर्ची ओढली. पहिला कपॅसिटर काढताना तिचा हात अवघडला, दुसरा काढताना बोटाला चटका बसला, तिसऱ्यापासून हाताला जुनी सवय आठवली. सहावा बसवून झाला तेव्हा ती शीळ घालत होती, आणि ते तिच्या ध्यानीही नव्हते.

तिने तो बोर्ड संगणकात परत बसवला आणि चाचा दुकान बंद करून तिच्यासोबत निघाले.

ओसरीवर तात्या नेहमीच्या जागी होते. “खतीब, तू कशाला पायपीट केलीस? उद्या जायचाच आहे तो.”

“जाऊ दे की. जाण्याआधी एक डाव टाका.”

“त्याच्याशी?” तात्यांनी हात झटकला. “अरे, मी बोट प्याद्यावरून उचलत नाही तोवर त्याचं उत्तर हजर! मी अर्धा तास डोकं खाजवायचं आणि त्याने ढुंकूनही पाहायचं नाही. पोराटोरांशी खेळावं तसा खेळतो माझ्याशी. सोळा वर्षांची ओळख, पण मान म्हणून नाही!”

सुमेधेने खाली पाहत तार जोडली आणि बटण दाबले.

पंखा घरघरला. डिस्क कुरकुरली. तात्यांची मान हळूच वळली.

“हा आवाज…”

ते उठले. उगाच आल्यासारखे दाखवत खुर्चीत टेकले. पहिल्या चार ठरावीक खेळ्या दोन्ही बाजूंनी सरसर झाल्या. पाचव्या खेळीला तात्यांनी उंट बाहेर काढला आणि मागे रेलून बसले.

पडद्यावर काही हलले नाही.

एक मिनिट गेले. दुसरे गेले. डब्यावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता, आत कुरकुर चालली होती.

“अडकला!” तात्या ओरडले. “सुमे, बघ, बघ! घाम फुटला त्याला!”

त्यांनी अडकित्ता घेतला. सुपारी कातरत ते अंगणात गेले, चिकूच्या कलमाला नवी पाने फुटली होती ती मोजून आले, दारातूनच त्यांनी डब्याला विचारले, “काय साहेब? सुचतंय का काही? की बोलावू कुणाला मदतीला?” मग स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले, की डोळ्यांना पाणी आले. कपाटाचे दार उघडून त्यांनी अकराव्या तारखेखालची मोकळी जागा बोटाने पुसून स्वच्छ केली.

सुमेधा पाहत राहिली. ज्या आठ मिनिटांना ती रडतखडत म्हणत आली होती, त्यांत तिचे तात्या कपाटापासून अंगणापर्यंत राजासारखे येरझारा घालीत होते.

तिलाही हसू आले, आवरेना. ती चाचांच्या जवळ सरकली.

“चाचा, म्हणजे आज मी यंत्र दुरुस्त केलं, की बिघडवलं?”

खतीबचाचांनी ओठांवर बोट ठेवले.

“हळू बोल, बाय… तो विचार करतोय.”