कुरळ्या मांजरीची पारख

फार पूर्वी, मागाच्या खटखटीनेच जाग येणाऱ्या एका विणकरांच्या गावात सगुणा नावाची विणकरीण राहत होती. त्या गावात मांजर पाळायला सक्त मनाई होती. शेल्यात मांजराचा एक केस जरी विणला गेला, तरी गिऱ्हाईक तो शेला तोंडावर फेकायचं.

उंदरांचं मात्र चांगलंच फावलं होतं. सूत ताठ राहावं म्हणून लावलेली तांदळाची खळ त्यांना भारी आवडायची. खळीबरोबर ते सूतही कुरतडायचे आणि महिन्याची मेहनत मातीमोल व्हायची.

एके दिवशी सगुणाला ओढ्याकाठी एक पिल्लू सापडलं. ध्यान तरी कसलं! राखाडी रंग, सुपाएवढे कान, कोकरासारखे आखूड कुरळे केस, मिशासुद्धा वाकड्या. पण स्वभाव असा लाघवी की बघता बघता त्याने सगुणाला लळा लावला. तिने त्याचं नाव मनी ठेवलं. ते तिच्या खांद्यावरून उतरायचं नाही, आणि उतरलंच तर उंदीर पकडायलाच. महिना झाला. सगुणाच्या घरी एकही धागा तुटला नाही.

बातमी विणकरांच्या चौधरीपर्यंत पोचली. तो मिशा पिळत दारात हजर.

"सगुणे, हे काय सोंग आणलंस? आत्ताच्या आत्ता रानात सोडून ये!"

"चौधरीमामा, हिचे केस गळत नाहीत हो."

"मांजर आणि केस गळत नाहीत? मला शिकवतेस?"

 रानात ते पिल्लू एक दिवसही जगलं नसतं. सगुणा म्हणाली, "मी विणलेल्या काळ्या शेल्यावर हिला दिवसभर बसवा. हिचा एक जरी केस सापडला, तर हिच्यासकट मी गाव सोडते."

दुसऱ्या दिवशी चावडीवर काळा शेला अंथरला. मनी त्यावर लोळली, खेळली, झोपली. चौधरी शेजारी बसून दिवसभर मिशा पिळत पहारा देत होता. दिवस कलला तशी सगुणाने मनीला उचललं. चौधरीने शेल्याला नाक लावलं आणि ओरडला, "सापडला!"

 सगुणाने तो केस मागून घेतला आणि उन्हात धरला.

"मामा, माझी मनी राखाडी, हा केस पांढराशुभ्र. तिचे केस कुरळे, हा सरळ. आता तुम्हीच सांगा, हा कुणाचा?"

सगळं गाव चौधरीच्या पांढऱ्या मिशांकडे बघायला लागलं. मग जो हशा पिकला, त्यात शेवटी चौधरीही सामील झाला. "जिंकलीस पोरी!" तो म्हणाला.

पुढे मनीला चार पिल्लं झाली. त्यांतली दोन कुरळी निघाली, आणि एक मागायला सगळ्यात आधी चौधरीच आला. काही वर्षांत घरोघरी मागाशेजारी कुरळी मांजरं दिसू लागली. उंदरांनी गाव सोडलं. आणि शेल्यात कधी चुकून केस सापडलाच, तर लोक मांजराकडे बघतसुद्धा नसत, आधी चौधरीच्या मिशा तपासत.

तात्पर्य: वेगळं दिसतं म्हणून कुणाला हाकलू नये, आधी नीट पारखावं, आणि पारखताना स्वतःच्या मिशाही सांभाळाव्यात.