साळुंकीने नेलेली वाईट बातमी

डोंगरांना अजून नावं मिळाली नव्हती तेव्हाची गोष्ट. वरच्या रानाचा राजा हत्ती रोज सकाळी साळुंकीला खालच्या रानात पाठवी. ती तिथे ओरडून सांगे, "आमच्याकडे सगळं उत्तम आहे हो!" ऐकणारे मानही वर करीत नसत.

एकदा वरच्या झऱ्यात गवा मरून पडला आणि पाणी नासलं. तेच पाणी खाली वाहत होतं. हत्ती म्हणाला, "नेहमीचंच सांग. उगाच अब्रू जायला नको."

साळुंकी म्हणाली, "महाराज, खालच्या मधमाश्या आपल्या मोहरावर येतात, म्हणून आपल्याला फळं मिळतात. त्या हेच पाणी पितात."

हत्तीने मोहरलेल्या झाडांकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं तेच सांग. आणि येताना त्यांचंही ऐकून ये."

साळुंकी बाणासारखी सुटली. "पाणी पिऊ नका! आमच्याकडून नासलंय!" त्या दिवशी सगळ्यांनी माना वर केल्या.

उन्हाळ्यात खालचा पोपट धापा टाकत वर आला. "आमच्याकडे वणवा लागलाय आणि वारा तुमच्याकडे वाहतोय. आमचं आम्ही बघू, आधी तुमची पिल्लं हलवा!"

पिल्लं नदीपार पोहोचल्यावर हत्तीने सोंड उंचावून साळुंकीला मुजरा केला.