ठकूचा तांबडा दोरा

फार वर्षांपूर्वी, तुमच्या आज्याच्या आज्यालाही दात फुटले नव्हते तेव्हा, करंजखोपी गावात कवड्या कोंबड्या होत्या. काळ्या अंगावर कवड्या पेराव्यात तसे पांढरे ठिपके. असा वाण दुसऱ्या गावात नव्हता. मग एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि खुराडीच्या खुराडी ओस पडली. वाचली ती रावबाची एक कोंबडी आणि तिची पिल्लं. अख्ख्या गावाचा वाण तेवढ्यावर येऊन लटकला.

आणि रावबा तर असला संशयी, की स्वतःच्या सावलीलाही पुढं चालू द्यायचा नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं!

पिल्लं जरा अंगानं भरल्यावर गावानं ठकूला बोलावलं. ठकू ओढ्यापलीकडं एकटी राहायची. पिल्लू नर का मादी, वाणाला ठेवायचं का विकायचं, ते तिनंच सांगायचं. ठेवायच्या कोंबड्याच्या पायात ती तांबडा दोरा बांधायची. त्याला मग हात लावायची नाही. उरलेल्यातलं मनाला येईल ते एक पिल्लू मजुरी म्हणून न्यायची. रावबाला खुपलं ते इथंच.

ठकूनं पिल्लं अंगणात सोडली आणि वरून सूप फिरवलं. सुपाची सावली घारीसारखी सरकली. सगळी पिल्लं भुईला चिकटली. एक तेवढं मान वर काढून ओरडलं. किडकिडीत, मळकट. ठकूनं त्यालाच दोरा बांधला.

"एवढाच कोंबडा. बाकी सगळ्या तलंगा."

"आणि हा?" रावबानं उंच टांगांच्या, फौजदारासारखं चालणाऱ्या पिल्लाकडं बोट केलं.

"ती तलंगच. अंडी मोठी देईल."

"सुपानं सांगितलं व्हय, आत्याबाई?"

"तुझ्यापेक्षा सूप बरं, रावबा. फोल उडवून तरी देतं."

रावबा मनात म्हणाला, म्हातारीचा डोळा फौजदारावर आहे. म्हणून हे मरतुकडं माझ्या गळ्यात मारतेय. ठकू पाणी प्यायला रांजणाकडं वळली, तेवढ्यात त्यानं मळकटाचा दोरा सोडून फौजदाराच्या पायात बांधला.

ठकू आली. तिनं दोरा बघितला, मग रावबाकडं बघितलं आणि हसली.

"मग मला हे मळकट दे."

पदरात घेऊन गेली. रावबाला आनंद व्हायला हवा होता. पण ती हसली का? भांडली का नाही? त्यानं उंबऱ्याखाली उकरलं, आढ्यात हात घालून बघितला. करणी काही सापडली नाही, म्हणून संशय आणखीच वाढला.

दिवाळीच्या सुमाराला फौजदार खुराड्यातून उठेना. रावबानं उचलला, तर खाली अंडं. मोठं आणि गरम.

मग तलंगा खुडूक बसल्या, पण कोंबड्यावाचून त्यांच्याखालची सगळी अंडी नासली. पिल्लू निघेना. गाव दारात आलं. "कोंबडा कापून खाल्लास ना, रावबा?" आता ज्याच्या-त्याच्या डोळ्यांत संशय, आणि सगळा रावबावर. तो खाली मान घालून ओढ्यापलीकडं गेला.

"आत्याबाई, चुकलं. कोंबडा द्या."

"आधी हात मागं कर," ठकू म्हणाली. तिनं तांबड्या दोऱ्यानं त्याचे हात पाठीमागं बांधले आणि मगच डालं उचललं.

आतून मळकट कोंबडा निघाला तो विस्तवासारखा. ओढ्यावरून उडाला तशी त्याची सावली अख्ख्या गावावरून सरकली, आणि वर फिरणारी घार खाली येऊन तलंगेसारखी कुडाच्या बुडाशी दबून बसली, असं म्हणतात. त्या हंगामात अंगणं कवड्या पिल्लांनी भरली. ठकू मात्र पुढं कुणाला दिसली नाही. ओढ्याकाठी तिचं सूप तेवढं सापडलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

करंजखोपीत अजून पिल्लं निवडताना ठकूच्या नावानं सूप फिरवतात. मालक कितीही मोठा असो, निवड होईस्तोवर त्याचे हात तांबड्या दोऱ्यानं पाठीमागं बांधतात. एक गाठ मारतात.

रावबाच्या घरातला असेल, तर दोन.