शीड उतरवायचा दोर

“तुटेल का? तेवढंच सांगा, चाचा.”

इब्रामचाचांनी दोर हातात घेतला नाही. ते सुकाणूपाशी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, तसेच बसून राहिले.

“नाही तुटणार.”

“मग?”

“.......”

धाकू कुबलाला हे गप्प बसणं नवं नव्हतं. एकोणीस वर्षं तो याच माणसाच्या हाताखाली खलाशी होता. पण आज ते त्याला झोंबलं.

चाचांची नजर अधू झाली होती. समोरून येणारी होडी त्यांना दिसे, होडीतला माणूस दिसत नसे. मचव्याच्या मालकाने सांगून टाकलं होतं, “तुम्ही ज्याला सुकाणूवर बसवाल तो पुढचा तांडेल. मी मध्ये पडणार नाही.” मचवा कौलांनी भरून खाडीत नांगरावर उभा होता. तिसऱ्या प्रहरी पाणी चढलं की मुंबईकडे निघायचं. सकाळ उलटत आली, तरी चाचांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

धाकूला तांडेलकी हवी होती. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चाळिशी उलटली होती, अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या हुकमावर गेलं होतं. म्हणून आज शीड चढवायचा दोर त्याने स्वतः दुरुस्तीला घेतला होता.

दोर डोलकाठीच्या टोकाला असलेल्या कप्पीतून जाई. शीड पुरं वर गेलं की दोराची जी जागा कप्पीवर टेकत असे, तीच घासून घासून केसाळ झाली होती. धाकूने तेवढा तुकडा कापून टाकला. दोन्ही टोकांचे पेड उलगडले. लाकडी टोच्याने वाट करून या टोकाचे पेड त्या टोकात गुंफून सांधा घातला.

चाचा सांध्यात गुंफणीचे तीन फेरे घालत. धाकूने सहा घातले.

चाचा गुंफताना दर फेऱ्याला पेडातला थोडा थोडा काथ्या छाटत जात. धाकूने एक तंतूसुद्धा छाटला नाही. छाटतो तो हात थकलेला, असं त्याचं मत होतं. ते त्याने गेल्या वर्षी खलाशांत बोलूनही दाखवलं होतं. “म्हाताऱ्याचा सांधा बघा. उंदराच्या शेपटासारखा निमुळता.” चाचा तेव्हा चार हातांच्या अंतरावर बसून भात जेवत होते. त्यांचे डोळे अधू झाले होते. कान शाबूत होते.

“बुधाजी, लटक रे याला,” धाकू म्हणाला.

बुधाजी मचव्यावरचा सर्वांत जाडा खलाशी. त्याने सांधा हातात घेऊन दाबून पाहिला.

“सांधा म्हणायचा की काय हा? अजगराने बोकड गिळलाय.”

“तू लटक.”

बुधाजी लटकला. मग उरलेले दोघे खलाशीही लटकले. दोर कुरकुरला. सांधा केसभर सरकला नाही.

“आपल्या बंदरात असा सांधा कुणी घातलाय?” धाकूने विचारलं. विचारलं बुधाजीला. बघत होता सुकाणूकडे.

चाचा म्हणाले, “शीड चढव.”

“इथंच? नांगरावर?”

“वारा पडलेला आहे. चढव.”

चौघांनी दोर धरला. शिडाचा तिरका वासा हाताहाताने वर चालला. शेवटचा हातभर चढ उरला तेव्हा सांधा कप्पीच्या तोंडाशी आला आणि अडला.

“जोर लावा!”

चौघेही मागे रेलले. वर कच्चकन आवाज झाला, कप्पी हादरली आणि सांधा पलीकडे आला. शीड पुरं चढलं. धाकूने डोलकाठीच्या बुडाशी दोराचा वेढा मारला आणि घाम पुसला.

“गेला की नाही?”

“गेला,” चाचा म्हणाले. “आता उतरव.”

धाकूने वेढा सोडला. वासा वीतभर खाली आला...

आणि थांबला.

दोर ढिला पडून धाकूच्या पायांशी गोळा झाला. वर कप्पीच्या तोंडात सांधा बुचासारखा बसला होता. चढवताना चार माणसांनी ओढला होता. उतरवताना ओढायला कुणी नव्हतं, शिडाच्या वजनाशिवाय.

“हलव, हलव जरा!”

दोर झटकला. आपटला. बुधाजीने शिडाचा खालचा कोपरा धरून लोंबकळून पाहिलं. वासा हलला नाही.

तेवढ्यात समोरच्या खिंडीतून पाणी काळवंडत येताना दिसलं. वारा पाण्यावर असाच दिसतो. धाकूने तो पाहिला. चाचांनी पाहिला नाही, पण त्यांची मान खिंडीकडे वळली.

वारा शिडात भरला.

मचवा नांगराभोवती गर्रकन फिरला आणि कुशीवर झुकला. कौलांच्या रांगा खडखडल्या. खालच्या बाजूने पाणी आत आलं. नांगर जागा सोडून खरवडत चालला होता, हे पायाखालच्या फळ्यांतून कळत होतं. मागे साठ हातांवर कातळ होता.

“सुरी! कोयता! कोण देतंय?”

कोयता चाचांच्या मांडीपाशी होता. तो तिथे केव्हापासून होता हे कुणी पाहिलं नव्हतं. चाचांनी तो मुठीकडून पुढे केला.

धाकू कोयता दातांत धरून डोलकाठीवर चढला. काठी इतकी कलली होती की खाली फळ्या नव्हत्या, पाणी होतं. वर पोचला तेव्हा सांधा त्याच्या तोंडासमोर होता. गुबगुबीत, घट्ट. कुठे एक पेड सुटला नव्हता.

“खालून सरका रे!”

कप्पीपलीकडे, वाशाकडच्या दोरावर त्याने पहिला घाव घातला तेव्हा काथ्या नुसता दबला. दुसऱ्या घावाला एक पेड गेला. तीन घाव, चार घाव... धाकूच्या तोंडून शिवी निघाली. ती कुणाला दिली हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पाचव्या घावाला दोर सुटला. वासा शिडासकट धाडदिशी खाली आला. पाच-पन्नास कौलं फुटली. मचवा हळूहळू सरळ झाला. नांगराने पुन्हा गाळ धरला.

कातळ वीस हातांवर होता.

धाकू खाली उतरला. तो सरळ सुकाणूपाशी गेला आणि चाचांच्या पुढ्यात उभा राहिला.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“चार जीव होते मचव्यावर!”

“पाच.”

धाकूचा आवाज चढला. “मग बोलला का नाहीत?”

“तू काय विचारलंस? तुटेल का, विचारलंस. मी सांगितलं.”

“हे असं शिकवायचं? कातळावर नेऊन?”

चाचांनी खिंडीकडे तोंड केलं. मग म्हणाले, “एकोणीस वर्षं मी तुझ्यासमोर काथ्या छाटतोय, धाकू. तू हसलास. एकदा तरी विचारलंस, का छाटता?”

धाकूने मान खाली घातली. बाकीचे पाणी उपसू लागले.

धाकूने पुन्हा वर चढून कप्पीत रुतलेला सांधा ठोकून ठोकून बाहेर काढला. खाली आणून मांडीवर ठेवला. सहा फेरे. सकाळचा अर्धा वेळ त्यात गेला होता. त्याने तो दोरातून कापून काढला, पण खाडीत फेकला नाही, बाजूला ठेवला. दोराची टोकं घेऊन बसला. शिलकीचा दोर होता, लांबीला कमी पडलं नसतं.

पेड उलगडले. पहिला फेरा गुंफला. सुरी हातात घेतली आणि थांबला.

“चाचा.”

“हं.”

“छाटलं की कच्चा पडेल.”

“पडेल.”

“मग किती छाटू?”

“वासा खाली यायला हवा.”

“आणि वर टिकायलाही हवा.”

“हवा.”

“हे दोन्ही कसं जमायचं?”

चाचांनी हात पुढे केला. धाकूला वाटलं, टोचा मागतायत. त्याने दिला. चाचांनी टोचा घेऊन फळीवर ठेवला, आणि धाकूचीच बोटं धरून त्या अर्ध्या सांध्यावर दाबली. क्षणभर दाबून धरली. मग सोडून दिली.

धाकू तिथेच बसला. छाटलेला काथ्या मांडीवर साचू लागला. दोनदा जास्त छाटला गेला, दोनदा उसवून पुन्हा घातला. तिसऱ्यांदा सांधा जमला. त्याने तो ओला करून फळीवर पायाखाली लाटला. मधे जरासा जाड, दोन्हीकडे निमुळता. उंदराच्या शेपटासारखा म्हटलं तर म्हणता आलं असतं.

बुधाजी लटकला. दोर कुरकुरला. सांधा टिकला.

दोर कप्पीत ओवला. शीड चढलं. सांधा कप्पीतून कधी गेला ते हातांना कळलं नाही. धाकूने वेढा सोडला, दोर नुसता दोन बोटांत धरला आणि बोटं सैल केली.

वासा आपल्या वजनाने सुरसुरत खाली आला.

धाकूने पुन्हा एकदा चढवून, पुन्हा उतरवून पाहिलं. सकाळी सगळ्या बंदराने पाहावं असं त्याला वाटत होतं. आता खलाशी पाहत होते तेही त्याला जड जात होतं.

पाणी चढत होतं. मचवा नांगराला ताण देऊ लागला.

धाकू सुकाणूपाशी आला. उभाच राहिला.

“चाचा, निघायची वेळ झाली. सुकाणूवर कोण? बुधाजीला बसवा. नाहीतर दुसरा कुणी बघा. पण सांगा काय ते. पाणी थांबायचं नाही.”

चाचा उठले. मचव्याच्या काठावर हात टेकत, कौलांच्या रांगा चाचपत ते डोलकाठीपर्यंत आले. डोलकाठीच्या बुडाशी, जिथे शिडाचा दोर बांधतात, तिथे मचव्यावरचा सर्वांत नवा खलाशी बसतो. तांडेल ओरडला की त्याने दोर सोडायचा. सोडायला उशीर झाला तर काय होतं ते सगळ्यांनी सकाळी पाहिलं होतं.

चाचा तिथे मांडी घालून बसले.

“तिथं कुठं बसता?” धाकू म्हणाला. “ती काय तुमची जागा?”

बुधाजीने धाकूकडे पाहिलं, मग रिकाम्या सुकाणूकडे पाहिलं आणि नांगर ओढायला पुढे गेला. उरलेले दोघे त्याच्यामागे गेले.

धाकू उभा होता. मग बसला. सुकाणूचा दांडा जिथे एकोणीस वर्षं दुसऱ्याचा हात होता तिथे गुळगुळीत होता. त्याने हात थोडा मागे सरकवून धरला.

नांगर निघाला. शीड चढलं. मचवा हलला.

खिंडीच्या तोंडाशी पाणी पुन्हा काळवंडू लागलं होतं.

चाचांनी दोराचा वेढा हाताला घेतला, अंगठ्याने दोर चाचपला आणि मागे न पाहता म्हणाले,

“पाण्यावरचा वारा मला दिसत नाही, तांडेल. तू सोड म्हणशील तेव्हा सोडीन.”